बंदिवानाचे बिऱ्हाड



इतिहासाचे व्याख्यान म्हटले म्हणजे श्रोत्यांच्या मनात एखादी लढाई, एखादा तह, निदान एखादा वादग्रस्त कागद तरी उभा राहतो. आज ज्यांचा इतिहास मी आपल्यापुढे मांडणार आहे त्यांची लढाई कोणी लिहून ठेवलेली नाही, आणि त्यांच्याविषयीचे कागद दुसऱ्याच्या नावाने निघालेले आहेत. न्यायाधीश निकाल वाचतो त्यात आरोपीचे नाव असते, कलम असते, शिक्षेची मुदत असते. त्याला मुले किती आणि ती उद्यापासून काय खाणार, याचा उल्लेख त्यात नसतो. वॉरंट एका इसमावर बजावले जाते. शिपाई त्याला घेऊन गेले म्हणजे चूल मात्र सगळ्या घराची विझते. हे सांगावयाला इतिहासाचा अभ्यासक कशाला हवा, असे आपण म्हणाल. तो हवा तो अशासाठी, की विझलेली ही चूल कोणाला केव्हा दिसली, कोणाची दिसली आणि कोणाची दिसली नाही, यालाही एक इतिहास आहे. आणि तो आपल्याला फारसा भूषणावह नाही.

आरंभ लंडनपासून करतो. तिकडचे कैदी आपल्या कैद्यांहून मोठे होते म्हणून नव्हे. तिकडच्या एका कैद्याचा मुलगा पुढे जगप्रसिद्ध ग्रंथकार झाला, आणि त्यामुळे एका घराची हकीकत तारखांसह शिल्लक राहिली, एवढेच. १८२४ च्या फेब्रुवारीत जॉन डिकन्स नावाच्या, आरमाराच्या पगारखात्यातील एका कारकुनाला चाळीस पौंड दहा शिलिंगांच्या देण्यापायी मार्शलसीच्या तुरुंगात टाकण्यात आले. ऋणकोने देणे फिटेपर्यंत कैदेत राहावे, आणि कैदेत असल्यामुळे त्याला कमाई करता येऊ नये, असा त्या काळचा इंग्रजी न्याय होता. यातली विसंगती पार्लमेंटाच्या ध्यानात येऊन असली कैद बहुतेक बंद होण्यास १८६९ साल उजाडले. असो. डिकन्सच्या घरातले सामान एकेक करून गहाण पडले. शेवटी बिऱ्हाड मोडून आई धाकट्या मुलांसह नवऱ्यापाशी तुरुंगातच राहावयास गेली. मार्शलसीत तशी मुभा होती. थोरला मुलगा चार्ल्स बाहेर राहिला. त्याला नुकतेच बारावे वर्ष पुरे झाले होते. बुटांच्या पॉलिशच्या एका कारखान्यात बरण्यांवर कागद बांधून चिठ्ठ्या डकविण्याचे काम तो करी आणि आठवड्याला सहासात शिलिंग मिळवी. परक्या बाईच्या घरी झोपावयाचे, आणि रविवारी तुरुंगात जाऊन आईबापांना भेटावयाचे, असा त्याचा क्रम होता.

बाप सुमारे तीन महिन्यांनी सुटला. मुलगा मात्र त्यानंतरही काही काळ कारखान्यातच राहिला, आणि त्याने तिथेच राहावे असे खुद्द आईचे मत होते. बापाने त्याला शाळेत घातले. पण आईचे ते मत चार्ल्स जन्मभर विसरला नाही. या माउलीला दोष देण्यापूर्वी आपण क्षणभर थांबले पाहिजे. ज्या घरावरून तुरुंगाची सावली एकदा गेली त्या घरात आठवड्याच्या सहासात शिलिंगांची किंमत काय असते, हे तिला आपल्याहून चांगले कळत होते.

या हकीकतीचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग पुढेच आहे. मार्शलसीत जन्मलेल्या आणि वाढलेल्या मुलीवर ‘लिटल डॉरिट’ ही प्रचंड कादंबरी ज्याने १८५५ ते १८५७ या काळात लिहिली, त्या डिकन्सने आपला बाप त्याच तुरुंगात होता हे वाचकांना कधी कळू दिले नाही. फॉर्स्टर नावाच्या जिवलग मित्राला त्याने ते सांगितले. त्याच्या मुलांना आणि जगाला ते कळले १८७० साली तो वारल्यानंतर, फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून. कीर्ती होती, पैसा होता, बापाचा गुन्हा तरी कसला, तर उधारीचा. तरीही सेहेचाळीस वर्षे हा मनुष्य त्याविषयी गप्प होता. मग ज्याचा बाप खून करून आत गेला आहे अशा आमच्याकडच्या एखाद्या शाळकरी पोराने वर्गात ‘वडील काय करतात?’ या प्रश्नाला ‘मुंबईला नोकरीला आहेत’ असे उत्तर दिले, तर त्याला खोटारडा कोणी म्हणावे?

त्याच लंडनात न्यूगेट नावाचा दुसरा तुरुंग होता. एलिझाबेथ फ्राय ही क्वेकर पंथाची बाई तिथे १८१३ साली प्रथम गेली, तेव्हा कैदी बायका आणि त्यांची मुले एकाच कोंदट जागेत कोंबलेली तिने पाहिली. काही वर्षांनी ती परत गेली तेव्हा तिने सुधारणेचा आरंभ कशापासून केला हे ध्यानात घेण्यासारखे आहे. उपदेश किंवा प्रार्थना हे मागाहून आले. आधी मुलांची शाळा निघाली. मास्तरीण म्हणून बायकांनी आपल्यातलीच एक शिकलेली कैदी, घड्याळाच्या चोरीत सापडलेली, मेरी कॉनर नावाची मुलगी निवडून दिली. मुलांसाठी काही करावयाचे म्हटल्याबरोबर या उग्र म्हणून गाजलेल्या बायका मऊ झाल्या, आणि १८१७ साली त्यांच्यासाठी रीतसर मंडळ स्थापन झाले.

पण मूल तुरुंगाच्या आत असले म्हणजे दयाळू माणसाला ते दिसते. बाहेर राहिलेले मूल दिसले ते कायद्याला, आणि कायद्याने त्याच्याकडे पाहिले ते पोलिसाच्या नजरेने. १८६६ च्या इंग्लंडातील उद्योगशाळांच्या कायद्यात, कोणत्या मुलांना पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करता येईल याची जंत्री आहे. भीक मागणारे मूल तीत आहे, चोरांच्या संगतीत आढळणारे आहे, आणि ज्याचा हयात असलेला पालक कैदेत असल्यामुळे जे निराधार झाले आहे असे मूलही आहे. म्हणजे सरकारनेच बापाला नेऊन मूल निराधार करावयाचे, आणि निराधार झाले म्हणून त्यालाही एका भिंतीआड ठेवावयाचे! हेतू वाईट नव्हता हे मी मान्य करतो. उपाशी मुलाला दोन वेळा जेवण आणि हातात एखादा धंदा मिळत होता, ही लहान गोष्ट नव्हे. आमचा १९२४ चा मुंबई इलाख्याचा मुलांविषयीचा कायदा याच घराण्यातला. फक्त मूल घरीच राहू द्यावे आणि घराला मदत करावी, हा विचार त्या घराण्यात फार उशिरा शिरला.

हिंदुस्थानात इंग्रज सरकार याच्याही पुढे गेले. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, आणि त्यान्वये अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या गेल्या. इथे एकाची शिक्षा घराला भोगावी लागते असे म्हणण्याची सोयच उरली नाही. शिक्षा मुळात घरालाच होती. १९११ च्या सुधारलेल्या कायद्याने तर मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारने घेतला. सोलापूरची सेटलमेंट ज्यांनी पाहिली किंवा वाडवडिलांकडून ऐकली असेल त्यांना तारेचे कुंपण आणि रोजची हजेरी या गोष्टी नव्याने सांगावयास नकोत. गिरणीला मजूर पाहिजे होते हाही त्या व्यवस्थेतला एक धागा होता, परंतु तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. आजोबांच्या नावापुढचा शिक्का नातवाच्या कपाळावरून त्या दिवशी कागदोपत्री पुसला गेला. पोलीसठाण्यात आणि गावाच्या तोंडी तो पुढेही किती दिवस राहिला, हे विमुक्तांच्या वस्तीत जाऊन विचारावे.

आता आपल्या अधिक परिचयाच्या कैद्यांकडे येतो. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्यांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि पुढे ती मंडालेच्या साध्या कैदेत बदलली गेली. मागे सत्यभामाबाई होत्या, वयाने लहान असे दोन मुलगे होते. घराचा आणि व्यवहाराचा भार भाचे धोंडोपंत विद्वांस यांनी वाहिला. ‘गीतारहस्य’ मंडालेत लिहिले गेले हे आपण सारेच जाणतो. तिथून आलेल्या पत्रांत मुलांच्या शिक्षणाचीही चौकशी असे, हे तितके जण जाणत नाहीत. जून १९१२ मध्ये सत्यभामाबाई पुण्यास वारल्या. लोकमान्य सुटून आले ते १९१४ च्या जूनमध्ये. घरी मुले होती, वाडा होता, ‘केसरी’ चालू होता; गृहिणी तेवढी नव्हती.

तरी टिळकांचे घर मोडले नाही, कारण ते सांभाळणारे आप्त आणि अनुयायी होते. नाशिकच्या सावरकरांच्या घरावर वरवंटा फिरला. बाबाराव सावरकरांना जून १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि तीबरोबर त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. राजाविरुद्ध युद्ध पुकारण्याबद्दलच्या दंडसंहितेच्या १२१ व्या कलमात त्या काळी तसे स्पष्टच होते. श्रोत्यांनी या तरतुदीचा अर्थ नीट पाहावा. बाप किंवा नवरा अंदमानात गेल्यावर त्याला भांडीकुंडी, घरजमीन यांचा उपयोग काय? जप्ती बजावली जाते ती मागे राहिलेल्यांवर. इंग्लंडने स्वतःच्या प्रजेपुरती असली जप्ती १८७० सालीच बंद केली होती. आमच्या दंडसंहितेतून ती १९२१ साली निघाली. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी यांनी ती दहा वर्षे कशी काढली असतील याची कल्पना करावी. नवऱ्याची भेट व्हावी एवढी एकच त्यांची आस होती. १९१९ साली त्या वारल्या, आणि भेट झाली नाही.

ही घरे महाराष्ट्राने पुढे आपली मानली. सुरुवातीला भीतीपोटी दारे लावून घेणारेही होते, नाही असे नाही. पण ज्यांनी आत येऊन हात दिला त्यांची नावे चरित्रांतून आली, आणि स्वराज्य आल्यावर सरकारनेही ऋण मानले. १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन सुरू झाले तेव्हा निदान सहा महिने कैद भोगलेल्यांना ते मिळू लागले, आणि ते हयात नसतील तेथे त्यांच्या विधवांचा विचार झाला. म्हणजे कैद्याच्या मागे राहिलेल्या घराचेही काही भोगणे असते, त्याची काही भरपाई असू शकते, हे तत्त्व आमच्या राज्यकर्त्यांनी एका बाबतीत मान्य केले आहे. अडचण पुढेच आहे. येसूवहिनींचे दुःख आपल्याला कळते कारण बाबाराव आपले. पण बांधाच्या भांडणात कुऱ्हाड चालवून जन्मठेपेवर गेलेल्या शेतकऱ्याची बायको चूल पेटवते तेव्हा तिचे लाकूड काही वेगळे नसते. तिच्या दारात कोण गेले? भावकी गेली असेल तर जमीन कोणाच्या कबजात राहावयाची ते ठरवावयास.

या प्रश्नाला उत्तर देण्याचा एक प्रयत्न आपल्याच मुलखात झाला, आणि तो एका संस्थानिकाने केला, म्हणून त्याची हकीकत जरा विस्ताराने सांगतो. औंध संस्थान म्हणजे बहात्तर गावांचा, इकडेतिकडे विखुरलेला मुलूख. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांच्या प्रसारामुळे आणि चित्रसंग्रहामुळे आपल्या ओळखीचे आहेत. १९३९ च्या आरंभी महात्माजींच्या सल्ल्याने त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. राजपुत्र अप्पासाहेब पंत विलायतेहून शिकून परतले होते. बंगलोरच्या वीजसामानाच्या सरकारी कारखान्यात असलेला, मूळ पोलंडचा एक इंजिनिअर, मॉरिस फ्रिडमन, गांधीजींच्या विचाराने भारून औंधात येऊन राहिला होता. हाच पुढे स्वामी भारतानंद म्हणून ओळखला गेला. निसर्गदत्त महाराजांची संभाषणे १९७३ साली इंग्रजीत आणणारा तोच. या मंडळींच्या विचारातून १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली.

नावातच सारे आले. गंभीर गुन्ह्यांचे कैदी, खून केलेलेसुद्धा, तुरुंगातून काढून माणदेशच्या त्या उघड्या जमिनीवर आणावयाचे. भोवती तट नाही, पायांत बेडी नाही. जमीन कसावयाची आणि आपले पोट भरावयाचे. पुढे व्ही. शांतारामांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला तो याच प्रयोगावरून स्फुरलेला. कथा ग. दि. माडगूळकरांची, माडगुळे हे गाव आटपाडीच्याच शिवारातले असल्याने त्यांनी ही गोष्ट पुस्तकातून शोधून काढली असेल असे मानावयास नको. चित्रपटाला बर्लिनमध्ये पारितोषिक मिळाले, प्रार्थनेचे गाणे घरोघर गेले, आणि सहा कैद्यांवर विश्वास टाकणारा जेलर लोकांच्या मनात कायमचा बसला.

पण माझ्या दृष्टीने स्वतंत्रपुरातली सर्वांत धाडसी गोष्ट पडद्यावर आली नाही. स्वतंत्रपुरात कैद्याला बायकामुलांसह राहता येत असे. चित्रपटात सहा पुरुष आणि एक जेलर एवढ्यांची कथा अधिक ठसठशीत होते हे खरे. कलावंताला तेवढी मोकळीक असावयाचीच. प्रत्यक्षात मात्र या योजनेचा कणा घर हा होता. बायको आणि पोरे ज्या झोपडीत निजली आहेत ती टाकून रात्री पळून जाणारा माणूस विरळा. तटाचे काम कुटुंबाने केले, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. परंतु उलट बाजूनेही पाहा. नवरा आत गेल्यावर जी बाई माहेरच्या वळचणीला किंवा सावकाराच्या शेतावर गेली असती ती इथे स्वतःच्या चुलीपाशी राहिली. बाप म्हणजे वर्षातून एकदा गजांपलीकडून दिसणारा चेहरा, असे मुलाच्या वाट्याला आले नाही; बापाला त्याने नांगरामागे पाहिले. शिक्षेची मुदत संपली तेव्हा परत जावयाला घर उरले होते, आणि त्या घरात त्याला ओळखणारी माणसे होती.

बाईने आणि मुलाने गुन्हा न करता कैद्यांच्या वसाहतीत का राहावे, असा आक्षेप यावर घेता येईल. आक्षेप वजनदार आहे. सोलापूरच्या तारेची आठवण ठेवूनच त्याचे उत्तर दिले पाहिजे. तिथे सरकारने घराला आत ओढले; इथे बाईला येण्याची आणि न येण्याची मोकळीक होती. या एका भेदात मला त्या दोन व्यवस्थांतले सारे अंतर दिसते.

१९४८ साली औंध विलीन झाले. स्वतंत्रपूर पुढे राज्याच्या कारागृह खात्याकडे आले आणि टिकले, परंतु वाढले नाही. तीस कैद्यांचीही तिथे सोय नाही. राजस्थानने जयपूरजवळ सांगानेरला १९६३ साली खुले शिबिर काढले. तिथे कैदी कुटुंबासह राहतात आणि दिवसा गावात कामाला जातात. तिथल्या कैद्यांची संख्या शेकड्यांत गेली. ज्याने बी पेरले त्या मुलखात एकच वाफा राहावा, आणि वाळवंटात मळा व्हावा, हे आम्हाला जरा लागले पाहिजे.

आमच्याकडे काहीच झाले नाही असे मात्र नव्हे. संचित रजेचे आणि अभिवचन रजेचे नियम १९५९ साली झाले. कैद्याचा घराशी धागा तुटू नये हा त्या रजांचा एक हेतू. १३ एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. उपाध्याय यांच्या खटल्यात आईबरोबर तुरुंगात राहणाऱ्या मुलांविषयी तपशीलवार आदेश दिले. मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहू शकते. ते कैदी नव्हे, म्हणून त्याला कैद्याप्रमाणे वागवू नये. त्याला पाळणाघर आणि बालवाडी मिळावी. जन्म तुरुंगात झाला असला तरी दाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंग लिहू नये. या शेवटच्या आदेशाचे मला फार कौतुक वाटते. डिकन्सला सेहेचाळीस वर्षे जे लपवावे लागले ते या मुलांच्या दाखल्यातून एका ओळीने वगळले गेले. मात्र सहावे वर्ष सरले म्हणजे मूल फाटकाबाहेर यावयाचे, आणि आईने सांगितलेल्या नातेवाइकाकडे किंवा संस्थेत जावयाचे. फाटकाबाहेर आल्यावर ते पुन्हा न दिसणाऱ्या मुलांत जमा होते.

न दिसणारी म्हणतो ते शब्दशः. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी तुरुंगांची आकडेवारी छापतो. २०२२ सालअखेर देशातील तुरुंगांत पाच लाख त्र्याहत्तर हजारांवर माणसे होती. आयांबरोबर आत राहणाऱ्या मुलांची संख्या त्यात दिली आहे: १,७६४. बाहेर राहिलेल्या मुलांचे कोष्टक त्या जाड ग्रंथात नाही. आणि त्या पाच लाख त्र्याहत्तर हजारांपैकी चारात तीन माणसे कच्चे कैदी होती, म्हणजे ज्यांच्यावरचा आरोप अजून शाबीत व्हावयाचा होता अशी. निकाल लागण्याच्या आतच त्यांच्या घरांची शिक्षा सुरू झाली होती.

महाराष्ट्रात अलीकडे दोन गोष्टी झाल्या आहेत त्या सांगून पुरे करतो. एक म्हणजे कारागृहांतून होणारी ‘गळाभेट’. एरवी काचेतून किंवा जाळीतून बोलावे लागते. या दिवशी पक्क्या कैद्याला आपल्या लहान मुलांना जवळ घेऊन बसता येते. काही मुले बापाला ओळखत नाहीत आणि रडू लागतात, असे तिथे गेलेले लोक सांगतात. दुसरी गोष्ट रुक्ष वाटेल, पण मला ती अधिक मोलाची वाटते. १ मे २०२२ रोजी महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवड्याच्या कारागृहात ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. कैद्याला सात टक्के व्याजाने पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते. पैसे घरच्या नडीसाठी आहेत, मुलांची फी, म्हाताऱ्यांचे औषधपाणी अशा कामांना; आणि कर्ज फिटते ते कैद्याने तुरुंगात केलेल्या कामाच्या मजुरीतून. रक्कम मोठी नव्हे. जामीन राहावयास मात्र कोणी लागत नाही. मुलीच्या शाळेची फी आत बसलेला बाप स्वतःच्या कष्टाने भरतो, आणि पावतीवर नाव त्याचे असते.